शिक्षण सुधारणा, शासन आणि शिक्षक संघटना : मुकुंदवाडीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील सार्वजनिक शिक्षणाच्या सुधारणेविषयीचा वाद गेल्या पाव शतकात प्रामुख्याने दोन पक्षांत झालेला दिसून येतो. शिक्षक संघटना सुधारणेच्या आड येतात, असा एका पक्षाचा आरोप असतो. शासनाला शिक्षणाची जबाबदारी झटकावयाची आहे, असे दुसऱ्या पक्षाचे उत्तर असते. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. तथापि, या वादाची चिकित्सा करताना एक बाब दुर्लक्षून चालत नाही. दोन्ही पक्षांचे मोजमाप एकच आहे व ते म्हणजे 'पद'. पद वाचवावयाचे की कमी करावयाचे, एवढाच त्यांच्यातील भेद होय. ज्या मुलाच्या नावावर हे पद उभे असते, त्याच्या पालकाला या वादात स्थान नाही. हे प्रतिपादन छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील मुकुंदवाडी या कामगार वस्तीच्या संदर्भात प्रस्तुत लेखात तपासून पाहिले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

या प्रश्नाची पहिली सुस्पष्ट मांडणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आढळते. रयतेच्या श्रमातून जमा होणारा महसूल उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसे वेतन मिळावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षकाचे वेतन आणि रयतेच्या मुलाचे शिक्षण हे दोन प्रश्न फुल्यांनी वेगळे मानले नाहीत, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची ठरते. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत राहिल्याने या भागातील सार्वजनिक शिक्षणाचा विस्तार उशिरा झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षक संघटित झाला. १९७७-७८ मधील राज्य कर्मचारी व शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप हा या संघटित शक्तीचा मोठा आविष्कार होता. त्याच सुमारास झालेल्या १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाने संस्थाचालकांच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या शिक्षकाला सेवेचे संरक्षण व शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा मार्ग दिला. संघटनांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही पार्श्वभूमी विसरणे अन्यायाचे होईल.

शासनाची भूमिका :

सन २००० मध्ये राज्यात शिक्षण सेवक योजना आली. प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा ३००० रुपये मानधनावर राबविण्याची ही पद्धत होती. २०२३ मध्ये हे मानधन १६,००० रुपये झाले. योजना कायम राहिली. २००१ पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. त्यातील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला, परंतु तोपर्यंत शिक्षकांची एक संपूर्ण पिढी वेतनाविना वा तुटपुंज्या वेतनावर काम करीत होती. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळांच्या समायोजनाचा निर्णय झाला, तर २०२३ मध्ये समूह शाळा आणि दत्तक शाळा या कल्पना पुढे आल्या. या सर्व निर्णयांमागे शिक्षणावरील कायमस्वरूपी खर्च टाळण्याची एकच वृत्ती दिसते.

शहरी वस्तीच्या दृष्टीने ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना अधिक बोलकी आहे. शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळेला वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के जागांच्या बंधनातून तिने मुक्त केले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द ठरविली. गरिबाच्या मुलाने शासकीय शाळेतच जावे, असे सांगणाऱ्या शासनाने ती शाळा जाण्यायोग्य करण्याची हमी मात्र त्या अधिसूचनेत दिली नव्हती.

संघटनांची भूमिका :

नांदेड जिल्ह्यातील पडताळणीनंतर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. विद्यार्थ्यांच्या बोटांना शाई लावून मोजणी करावी लागली, यातच व्यवस्थेवरील अविश्वास स्पष्ट होतो. या मोहिमेत पटावरील नावे आणि वर्गातील मुले यांच्यातील मोठी तफावत उघड झाली. पटावरून दरवर्षी संचमान्यता, संचमान्यतेवरून पदे, आणि पट घटला की शिक्षक 'अतिरिक्त', अशी ही साखळी आहे. पदासाठी पट फुगविण्याचा मोह शासनाच्या याच नियमातून निर्माण होतो, हे खरे. परंतु या खोट्या पटाविरुद्ध संघटनांनी आपणहून आवाज उठविला नाही, हेही तितकेच खरे आहे.

मार्च २०२३ मधील जुन्या निवृत्तिवेतनासाठीचा संप सात दिवस चालला. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांवरील अन्यायाची मागणी रास्त असली, तरी सर्वसामान्य पालक तिच्या पाठीशी उभा राहिला नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांसाठीही पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली, तेव्हा संघटनांनी सूट मागितली. परीक्षेने अध्यापनाची गुणवत्ता सिद्ध होत नाही, हा युक्तिवाद करता येतो. मग ती कशाने सिद्ध होते, याचे उत्तरही संघटनांनीच द्यावयास हवे होते.

प्रतिनिधित्वाचा प्रश्नही येथे लक्षात घ्यावा लागतो. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक स्तरापासूनच्या शिक्षकांना मताधिकार आहे. प्राथमिक शिक्षकाला तो नाही. म्हणजे ज्या स्तरावर मुलाच्या वाचन-लेखनाचा पाया घातला जातो, त्या स्तराचा आवाज सभागृहात सर्वांत क्षीण राहतो.

मुकुंदवाडीचा संदर्भ :

मुकुंदवाडी हे मूळचे खेडे. चिकलठाणा औद्योगिक वसाहत आणि सिडको यांच्या सान्निध्यात ते शहराचा भाग बनले. २०१९ च्या टंचाईत येथील शाळकरी मुले पाणी आणण्यासाठी मुकुंदवाडी स्थानकावरून रेल्वेने औरंगाबाद स्थानकापर्यंत जात असल्याचे वृत्त देश-विदेशात प्रसिद्ध झाले. ज्या मुलाचे दिवसातील काही तास हंडा-कळशीत जातात, त्याची शाळेतील उपस्थिती हा केवळ शिक्षकाच्या कर्तव्याचा प्रश्न राहत नाही. पाणी आणि प्राथमिक शाळा या दोन्ही बाबी महापालिकेच्या अखत्यारीत असताना शिक्षण सुधारणेच्या चर्चेत त्यांचा एकत्रित विचार झालेला आढळत नाही.

अशा वस्तीतील पालक बहुधा कंत्राटी कामगार, बांधकाम मजूर वा घरकाम करणारी स्त्री असते. त्यांना स्वतःची संघटना नाही, निवृत्तिवेतन नाही, रजाही नाही. शिक्षकाच्या संपाकडे असा पालक सुखवस्तू माणसाचे गाऱ्हाणे म्हणून पाहतो आणि शाळेला कुलूप लागले की नुकसान मात्र त्याच्याच मुलाचे होते. शिक्षकाला कंत्राटी करणारे धोरण आणि या पालकाला आधीच कंत्राटी करून ठेवणारे धोरण एकाच जातकुळीचे आहे, हे त्याला सांगण्याचे काम संघटनांनी केलेले नाही. ही त्यांची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

वस्तुतः पालकाला कायद्याने स्थान दिलेले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असणे बंधनकारक आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. संघटना या कलमाचा आधार शिक्षकावरील कामाचा बोजा कमी करण्यासाठी घेतात. तो मुलाच्या हक्काच्या अध्यापन-वेळेसाठीही घेता येईल. समितीची बैठक कामाच्या वेळेत ठेवल्यास मात्र रोजंदारीवरील पालकाला ती एका दिवसाच्या मजुरीला पडते व समिती कागदावरच राहते.

निष्कर्ष :

शासनाने पद हा खर्च मानला आणि संघटनांनी तो हक्क मानला. दोन्ही भूमिकांत मूल हे पटावरील आकडा होऊन राहिले. यातून मार्ग काढण्यासाठी प्रथम शिक्षकाचे पद वार्षिक पटाच्या चढउतारापासून शक्य तितके विलग करावे लागेल. दुसरे म्हणजे, शाळा बंद करणे, समायोजन व बदल्या यांविषयीचा कोणताही निर्णय अथवा समझोता शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणे बंधनकारक करावे लागेल, आणि तिच्या बैठका सुट्टीच्या दिवशी वा सायंकाळी घ्याव्या लागतील. फुल्यांनी १८८२ साली शिक्षकाचे वेतन व रयतेच्या मुलाचे शिक्षण यांची एकत्र मांडणी केली होती. मुकुंदवाडीतील कंत्राटी कामगाराला शिक्षकाची मागणी आपली वाटेपर्यंत आणि शिक्षकाला त्या कामगाराच्या मुलाची गैरहजेरी आपला प्रश्न वाटेपर्यंत ती मांडणी अपुरीच राहील.