मराठी कान आणि हिंदी लिंगें

मराठी माणसास हिंदी शिकण्यास कष्ट ते कसले, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. लिपि एक, संस्कृत शब्दांचें भांडार एक. मग उरलें काय? परंतु लिंगविचाराचें प्रकरण आलें कीं ही सोयरीकच विद्यार्थ्यास फसवूं लागते.

कामताप्रसाद गुरु यांचा 'हिंदी व्याकरण' हा ग्रंथ काशीच्या नागरीप्रचारिणी सभेनें १९२० सालीं प्रसिद्ध केला. त्याची योग्यता वादातीत आहे. ईकारान्त नामें बहुधा स्त्रीलिंगी, मात्र पानी, घी, मोती, दही हे अपवाद, अशा धर्तीचे नियम त्यांत आहेत. आणि आमचीं बहुतेक शालेय पुस्तकें आजहि तीच वाट चालतात. आतां गंमत अशी कीं, हे अपवाद मराठी मुलास घोकावयास नकोतच. पाणी व दहीं त्याच्या घरीं नपुंसकलिंगी, मोती पुल्लिंगी; त्यांना स्त्रीलिंगी करण्याचें त्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं. हिंदींत नपुंसकलिंग नाहीं एवढें कळतांच तो असलीं नामें आपण होऊन पुल्लिंगांत घालतो, आणि घर, दूध, फल यांच्यापाशीं तें बरोबरहि ठरतें. या यशाच्या जोरावरच तो पुढें 'मेरा पुस्तक' आणि 'उसका नाक' म्हणून मोकळा होतो.

याहून अवघड जागा आत्मा, देह, मृत्यु, विजय या शब्दांची. मराठींत हे सारे पुल्लिंगी, हिंदींत स्त्रीलिंगी. अर्थ तोच, अक्षरें तींच. संशय येण्यास निमित्तच नाहीं. 'मेरा आत्मा' म्हणतांना कोणाचीहि जीभ अडखळत नाहीं. संस्कृत जाणणाऱ्या शास्त्रीबुवांची तर मुळींच नाहीं! फारसी शब्दांचीहि तीच तऱ्हा. आपला आवाज मोठा असतो, हिंदी माणसाची आवाज मोठी. आपणांस मजा येते, त्याला मजा 'आता है'.

बंगाली विद्यार्थ्याची स्थिति निराळी. त्याच्या भाषेंत निर्जीव वस्तूंना व्याकरणांतलें लिंगच नाहीं. तो पदोपदीं चुकतो, पण आपणांस ठाऊक नाहीं हें त्यास ठाऊक असतें, म्हणून तो विचारतो. मराठी विद्यार्थी चुकतो कमी, परंतु निःशंकपणें चुकतो. आणि विशेषण, क्रियापद सगळीं त्या एका चुकीमागें ओढलीं जातात.

गुरूंनीं आपला ग्रंथ मराठी मुलांसाठीं लिहिला नव्हता. दोष त्यांचा नव्हे. दोष आहे तो त्यांचे नियम तसेच उतरून काढणाऱ्या आमच्या पुस्तककर्त्यांचा. दोन्ही भाषांतील लिंगांचा जेथें विरोध येतो तेवढ्याच शब्दांची यादी आरंभीं दिली, तर अंत्याक्षरांच्या नियमांचीं कित्येक पानें गाळतां येतील. त्या यादींत पहिला मान अर्थात् 'पुस्तक' या शब्दाचाच.