पहारेकरी उशिरा का ओरडतो?

कोरोनाच्या २०२१ मधील लाटेत सोलापुरातल्या शिक्षकांनाही हा प्रश्न कुणी ना कुणी विचारला असेल : बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८५ दाखवतो, पण रुग्ण तर गप्पा मारतो आहे, मग खोटे कोण? याचे उत्तर कॉर्नेय हेमान्स यांच्या कामात शोधू गेल्यास अर्धेच सापडते.

बेल्जियममधील गेंट येथील या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात वडिलांसमवेत कुत्र्यांवर प्रयोग केले. एका कुत्र्याच्या डोक्याला दुसऱ्याचे रक्त पुरवले. डोके व धड यांच्यात फक्त व्हेगस चेता शाबूत ठेवल्या. धडाचा कृत्रिम श्वास थांबवताच डोक्याच्या श्वसनहालचाली वाढल्या. मेंदूचे रक्त तर चांगलेच होते! म्हणजे खबर चेतांमधून गेली. इतकी स्वच्छ मांडणी वर्गात जरूर सांगावी. पुढे मानेतील कॅरोटिड धमनीच्या फाट्याजवळही असाच पहारेकरी असल्याचे त्यांनी दाखवले. त्यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र ही गोष्ट एकट्याच्या विजयाची म्हणून सांगणे आम्हांस पटत नाही. माद्रिदच्या फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२८ मध्येच सूक्ष्मदर्शकातून चेतातंतूंची रचना पाहून, तेथील तांदळाएवढा पेशीपुंज रक्तातील रासायनिक बदल ओळखत असावा, असे सुचवले होते. पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला नाही.

दुसरी उणीव आपल्या शिकवण्यातली आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. ‘ऑक्सिजन घटला की दम लागतो’ असे आपण फळ्यावर लिहितो. प्रत्यक्षात हा पहारेकरी धमनीतील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे ६० मिलिमीटरांखाली, म्हणजे ऑक्सिमीटरवर साधारण ९० च्या खाली गेल्यावरच जोराने ओरडतो. श्वास रोखल्यावर होणारी घुसमट मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असते. रुग्ण थोडा भराभर श्वास घेऊन हा वायू बाहेर टाकत राहिला, तर पहारेकऱ्याची हाकही मंदावते आणि ऑक्सिजन घटूनही तो शांत दिसू शकतो.

म्हणून त्या प्रश्नावर ‘दम नाही, म्हणजे धोका नाही’ असे उत्तर देणे जिवावर बेतू शकते. हेमान्स यांचा प्रयोग शिकवताना पहारेकऱ्याची ही मर्यादाही त्याच तासाला शिकवावी.