‘नोंद झाली’ : विज्ञानगद्यातला गाळलेला माणूस

भूकंपाविषयीचे मराठी लेखन वाचताना एक वाक्य हमखास भेटते : ‘या धक्क्याची नोंद भूकंपमापक यंत्रावर झाली.’ वाक्य शुद्ध आहे, त्यात खोटेही काही नाही. तरीही ते मला खटकते. सकाळ व्हावी तशी इथे नोंद आपोआप ‘होते’. माझा आक्षेप असा, की या एका क्रियापदाच्या सवयीने आपल्या विज्ञानगद्यातून एक माणूस सतत गाळला गेला आहे आणि तो गाळल्यामुळे वाचकाला पुराव्याचे स्वरूपच कळत नाही. हा माणूस म्हणजे भूशास्त्रीय संशोधनात काम करणारा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर. (मी त्याच धंद्यातला. तेव्हा तक्रारीत थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो.)

‘रिश्टर स्केल’ हा आपल्या वृत्तपत्रांचा लाडका शब्द घ्या. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये ही श्रेणी मांडली, ती वुड-अँडरसन नावाच्या एका विशिष्ट यंत्राच्या कागदावर उमटणाऱ्या रेषेवरून. धक्क्याच्या केंद्रापासून शंभर किलोमीटरवर त्या यंत्राची रेघ एक मिलिमीटर हलली, तर भूकंप तीनचा. म्हणजे व्याख्येतच यंत्र बसलेले आहे. हे यंत्र जमिनीची हालचाल २८०० पट मोठी करून दाखवते, असे गृहीत होते. पुढे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ही वाढ सुमारे २०८० पटच निघाली. अशा आकड्याला ‘पृथ्वीने दिलेला आकडा’ म्हणणे म्हणजे संपादकाचा हात लागलेल्या हस्तलिखिताला लेखकाचे मूळ अक्षर समजण्यासारखे आहे. मोठ्या भूकंपांसाठी आता वेगळी श्रेणी वापरतात. बातमीत रिश्टरचे नाव मात्र टिकून आहे, आणि त्या नावामागचे यंत्र कधीच येत नाही.

आपल्या प्रांतातही या विषयाला लिहिण्याजोगे कथानक आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत होती. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असे ठरले आणि वेधशाळेपुढे पेच पडला. ट्रामचा विद्युतप्रवाह जमिनीतून परततो, त्याचे क्षेत्र सुईला हलवते. मग पृथ्वी कोणती आणि ट्राम कोणती? नानाभॉय मूस यांनी अलिबाग निवडले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालली, त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. या हकिकतीत मला सर्वांत मोलाची वाटतात ती ही दोन वर्षे. स्थलांतराचा उल्लेख आपले लेखक करतात, पण ही जोडणी एका ओळीत उरकतात. वास्तविक सारे कसब तिथेच आहे.

कोयनेबाबतही तेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेवर मराठीत बरेच लिहिले गेले : मोडलेली घरे, मदतकार्य आणि शिवाजीसागरामुळे भूकंप झाला का, हा वाद. धरणाच्या आत बसवलेल्या प्रवेगलेखकाने गुरुत्वप्रवेगाच्या ०.६३ पट इतका हिसका त्या दिवशी टिपला. जगभरचे धरण-अभियंते आजही तो आलेख वापरतात. तो कुणीतरी तिथे आधीच बसवला होता, चालू ठेवला होता, म्हणून हाती आला. पुढे २०१७ पर्यंत गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले. त्या परिसरातील इतर विवरांत सुमारे दीड किलोमीटर खोल भूकंपमापक उतरवले गेले, कारण वरचा गोंगाट तिथे कमी पोचतो. खोदाईचे वर्णन वाचायला मिळते. पण तेवढ्या खोलीवर, उष्णतेत आणि दाबाखाली, केबलच्या टोकाला यंत्र जिवंत कसे ठेवायचे, यावर दोन परिच्छेदही सापडत नाहीत.

या ‘गोंगाटा’वर थोडे थांबायला हवे. मी बोळिंजला राहतो. पूर्वेला पश्चिम रेल्वे, पश्चिमेला अर्नाळ्याचा समुद्र, आणि मधे रोज कुठे ना कुठे पायलिंग. इथे चांगला भूकंपमापक पुरला तर त्याला आधी लोकल ऐकू येईल. लोकल थांबली तरी समुद्र राहीलच. लाटांमुळे जमिनीत काही सेकंदांच्या आवर्तनाची बारीक थरथर कायम असते आणि पावसाळ्यात ती वाढते. ती वगळायला आम्ही गाळणी लावतो. समुद्राचा अभ्यासक म्हणेल, तुम्ही माझा मजकूरच फेकून दिलात! सेकंदाला शंभर नमुने घेतले तर पन्नासच्या वरची कंपने नोंदीत असूच शकत नाहीत. घड्याळ एक दशांश सेकंद चुकले, तर बेसाल्टमध्ये केंद्राची जागा अर्धा किलोमीटर सरकते. काय ठेवायचे, काय गाळायचे, हे भूशास्त्रज्ञाच्या हातात आलेख पडण्यापूर्वीच ठरलेले असते. पाठचिकित्सा करणाऱ्या समीक्षकाला हा व्यवहार परका वाटू नये.

आमच्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा ४.१ चा होता. तिकडचे धक्के उथळ. लोकांना हादऱ्यासोबत जमिनीतून आवाजही ऐकू येतो. भांडी वाजतात, माणसे थंडीत अंगणात झोपतात. अशा वेळी ‘नोंद झाली’ या वाक्याचे जुळे भावंड उपद्रवी ठरते : ‘अशा धक्क्याची नोंद झालेली नाही.’ वाचणारा त्याचा अर्थ घेतो, धक्का झालाच नाही, लोक घाबरट आहेत. पण छोटा धक्का दूरच्या यंत्रापर्यंत पोचतच नाही. यंत्रे जवळ आणली की धक्क्यांची यादी लांबते. धुंदलवाडीच्या बाईने ऐकलेला आवाज आणि यंत्राचे मौन, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. गद्य लिहिणाऱ्याने निदान एवढे सांगावे, की सर्वांत जवळचे यंत्र किती किलोमीटरवर होते आणि ते त्या रात्री चालू होते का. त्या पट्ट्यातल्या बातम्यांची कात्रणे मी जमवतो आहे. या दोन गोष्टी सांगणारे कात्रण अजून माझ्या फायलीत आलेले नाही.