सर्वधर्मपरिषदेचे यजमान

सर्वधर्मपरिषदांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुधा व्यासपीठावरून झालेल्या भाषणांविषयीचे असते. कोण काय बोलला, टाळ्या कोणास पडल्या, कोणत्या धर्माची सरशी झाली, याचेच हिशेब शंभराहून अधिक वर्षे मांडले जात आहेत. ज्यांनी परिषद भरविली, निमंत्रणे धाडली, भाषणांचा क्रम ठरविला आणि मागाहून अहवाल छापला, त्या आयोजकांची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात आम्ही ती करू इच्छितो.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले गेले ते मुळशी तालुक्यातील पौड येथे. धम्मबांधवांच्या एका छोट्या अभ्यासवर्गात आम्ही १८९३ च्या शिकागो परिषदेवर बोलत होतो. अनागारिक धर्मपालांच्या कार्याचा परिचय करून दिल्यावर मागे बसलेल्या एका वृद्ध उपासकांनी विचारले, "सर, हे समदं ठीक आहे, पण आवतण कोणी धाडलं होतं? आन् कोणाला नव्हतं धाडलं?" मुळशीच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधावयास घेतले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो १९२४ पर्यंत चालला व अखेर मावळ्यांची गावे पाण्याखाली गेली. या लढ्यात बोलणारे पुढारी बहुतांशी पुण्याचे होते. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी सावकारांच्या हाती गेलेल्या होत्या, त्यामुळे मोबदल्याची बोलणी एकाशी आणि विस्थापन दुसऱ्याच्या वाट्याला, असा प्रकार घडला. राजेंद्र व्होरा यांच्या मुळशी सत्याग्रहावरील ग्रंथात हा अंतर्विरोध तपशिलाने आला आहे. ज्यांचे घर बुडते आहे त्यांच्या वतीने दुसराच कोणी बोलतो, हा अनुभव या खोऱ्यास नवा नाही.

शिकागोचे आयोजक कोण होते? परिषदेची कल्पना चार्ल्स बॉनी या वकिलांची. ते स्वीडनबोर्गच्या पंथाचे अनुयायी होते. समितीचे अध्यक्ष प्रेस्बिटेरियन धर्मगुरू जॉन हेन्री बॅरोज. त्यांची समिती १६ जणांची. त्यांत एक रोमन कॅथलिक आर्चबिशप आणि एक ज्यू रब्बी सोडले, तर बाकी सर्व प्रॉटेस्टंट व त्यांच्या आसपासच्या ख्रिस्ती पंथांचे. सल्लागार मंडळ सुमारे ३,००० जणांचे आणि जगभर पसरलेले होते खरे. परंतु सल्लागार सल्ला देतो, निर्णय समिती घेते. ११ सप्टेंबर १८९३ रोजी दहा धर्मांच्या नावाने घंटेचे दहा ठोके पडले आणि सार्वत्रिक प्रार्थना म्हणून जी म्हटली गेली ती येशूची. ज्यांनी ती प्रार्थना निवडली, त्यांना ती खरोखरच सर्वांची वाटत होती. आमच्या मते दोष आहे तो येथेच. यजमानास आपले घर म्हणजेच जग वाटू लागते.

बॅरोज यांनी त्याच वर्षी परिषदेचा अहवाल दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केला. हा अहवाल म्हणजे आयोजकांनी काढलेले स्वतःचेच चित्र आहे, अशा दृष्टीने तो वाचावा. अनेक निबंध त्यात संक्षिप्त करून घेतले आहेत, आणि काय गाळावे हे ठरविणारा संपादक ख्रिस्ती धर्म हाच अखेरचा जागतिक धर्म आहे असे मानणारा आहे. पुढे १८९६-९७ साली हेच बॅरोज हिंदुस्थानात येऊन त्याच प्रतिपाद्यावर व्याख्याने देत फिरले. तेव्हा शिकागोत त्यांनी सर्व धर्मांना समान आसन दिले होते, हे विधान जपूनच केले पाहिजे. आसने समान होती. सभागृह समान नव्हते.

आमच्या प्रांतातून तेथे कोण गेले होते? मुंबईचे ब्राह्मसमाजी बी. बी. नगरकर, जैनांच्या वतीने वीरचंद गांधी, पुण्याच्या सोराबजी कुटुंबातील ख्रिस्ती जीन सोराबजी. तिघेही विद्वान, तिघेही आदरणीय. परंतु अस्पृश्यांचा, शूद्रातिशूद्रांचा म्हणून कोणी नव्हता. इतके कशाला, ज्या अमेरिकेत परिषद भरली तेथील मूलनिवासी इंडियनांच्या धर्माविषयी त्यांच्यापैकी कोणी बोलले नाही. एका संशोधिकेने त्यांच्यावर निबंध वाचला. कृष्णवर्णीयांपैकी बिशप आर्नेट व फॅनी बॅरियर विल्यम्स यांना संधी मिळाली. पण ज्या प्रचंड प्रदर्शनाचा ही परिषद एक भाग होती, त्यातून कृष्णवर्णीयांना का वगळले, हे सांगणारी पुस्तिका आयडा वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांना त्याच १८९३ साली काढावी लागली आणि प्रदर्शनातच वाटावी लागली. बॅरोज यांच्या दोन खंडांच्या शेजारी ही पुस्तिका ठेवली म्हणजे शिकागोचे चित्र पुरे होते. आमच्या अभ्यासवर्गांत ती ठेवली जात नाही, ही आमची उणीव आहे.

धर्मपालांनी त्या व्यासपीठाचा उपयोग केला नाही असे नव्हे. दोनच वर्षांपूर्वी महाबोधी सोसायटी स्थापन केलेला हा तरुण परिषदेहून परतण्यापूर्वीच सी. टी. स्ट्रॉस या अमेरिकन गृहस्थांस धम्मदीक्षा देऊन मोकळा झाला. परक्याच्या मांडवात जाऊन आपले काम साधता येते, एवढे यावरून सिद्ध होते. मांडव आपला होता हे सिद्ध होत नाही.

शिकागोच्या दोन वर्षे आधी, १८९१ साली, महात्मा जोतीराव फुले यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले होते. त्यात त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे की, एकाच छपराखाली बाई बौद्ध, तिचा पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. ही सर्वधर्मपरिषदच आहे. मात्र हिला अध्यक्ष नाही, स्वागतसमिती नाही, आणि प्रत्येकाने आपला धर्म स्वतः ग्रंथ वाचून निवडला आहे. पुण्यातील माळ्याच्या मुलाने चूल एक ठेवून धर्म चार केले. याची दखल शिकागोने घेतली नाही, हे समजण्यासारखे आहे. आपल्या परिषदांच्या इतिहासकारांनीही ती घेऊ नये, हे समजण्यासारखे नाही.

आता १९३६ या वर्षाकडे येऊ. त्या वर्षी जुलै महिन्यात लंडनमध्ये जागतिक धर्मपरिषद भरली. तिचे प्रवर्तक सर फ्रान्सिस यंगहजबंड आणि अध्यक्ष बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड. दोघेही १८६३ साली जन्मलेले. यंगहजबंड हे तेच, ज्यांनी १९०३-०४ साली ब्रिटिश फौज घेऊन तिबेटवर स्वारी केली. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू येथे जुनाट बंदुका व तलवारी घेतलेले शेकडो तिबेटी बौद्ध काही मिनिटांत मशीनगनांनी मारले गेले. ल्हासाहून परतताना यंगहजबंडांना विश्वबंधुत्वाचा साक्षात्कार झाला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. माणूस पालटतो, हे आम्ही अंगुलिमालाच्या कथेवरून मानतोच. परंतु अंगुलिमाल चीवर घालून त्याच गावात भिक्षेस गेला आणि लोकांनी फेकलेली ढेकळे त्याने डोक्यावर झेलली. तो परिषदेचा प्रवर्तक झाला नाही.

सयाजीरावांविषयी लिहिताना लेखणी अडखळते. सक्तीचे शिक्षण, अस्पृश्यांच्या शाळा, विठ्ठल रामजी शिंदे व धर्मानंद कोसंबी यांना दिलेले साहाय्य, आणि तरुण भीमराव आंबेडकरांची कोलंबियाची शिष्यवृत्ती, ही त्यांची पुण्याई कोणास नाकारता येईल? केळुसकर गुरुजींचे बुद्धचरित्रही बडोद्याच्याच आश्रयाने लिहिले गेले आणि तेच बाबासाहेबांच्या हाती मॅट्रिकच्या सत्कारात पडले. १९३३ सालीही शिकागोतील दुसऱ्या जागतिक धर्मपरिषदेत महाराजांना मानाचे स्थान होते. तरीही १९१७ ची गोष्ट विसरता येत नाही. त्या वर्षी महाराजांच्याच चाकरीसाठी बाबासाहेब बडोद्यास उतरले. त्यांना पारशांच्या पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. हिंदू स्नेह्याने नोकर सोडून जातील असे सांगितले. ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीला विचारावे लागेल म्हटले. बाबासाहेबांनी कमाठीबागेत तासन्‌तास काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. पारशी, हिंदू, ख्रिस्ती: तीन धर्मांचे एका दिवसात एकमत झाले. बडोद्याची खरी सर्वधर्मपरिषद ही होय, आणि तिला आयोजकाची गरज पडली नाही. महाराजांचा हेतू शुद्ध होता. राहण्याची व्यवस्था करण्याची आज्ञा त्यांच्या दरबारात कोणी मनावर घेतली नाही. अध्यक्ष उदार असला तरी कारभाऱ्यांचे काय, हा प्रश्न लंडनच्या परिषदेत कोणी विचारावयाचा होता?

त्याच वर्षी वसंतात लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलाविले व भाषण वाचताच घाबरून परिषदच रद्द केली. ती परिषद सर्वधर्मीय नव्हती, हे खरे. पण आयोजक म्हणजे काय वस्तू असते, हे शिकण्यासाठी तिच्याइतका चांगला पाठ दुसरा नाही. मंडळाला भाषण लाहोरात छापावयाचे होते. बाबासाहेबांनी ते मुंबईत छापून घेतले. हा आग्रह किरकोळ वाटतो. छापखाना लाहोरचा असता, तर 'जातीचे निर्मूलन' आज आपल्या हाती ज्या रूपात आहे त्या रूपात राहिले असते काय? बाबासाहेबांनी १,५०० प्रती स्वखर्चाने काढल्या. बॅरोजच्या अहवालात ज्यांचे निबंध कापले गेले, त्यांच्यापाशी असा छापखाना नव्हता.

आणि २२ मे १९३६ रोजी लखनौ येथे दलितवर्गीयांनी सर्वधर्मपरिषद भरविली. येवल्याच्या घोषणेस तेव्हा सात महिने झाले होते. बाबासाहेब स्वतः तेथे जाऊ शकले नाहीत. इस्लाम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध अशा धर्मांचे प्रतिनिधी येऊन आपापल्या धर्माची बाजू मांडून गेले. ग्रंथांत या परिषदेस दोन ओळी मिळतात. आमच्या मते मात्र आयोजकांच्या इतिहासात हिचे स्थान अपूर्व आहे. येथे प्रथमच यजमान ते होते, ज्यांना कोणत्याही धर्माच्या अंगणात बसू दिले जात नव्हते. आणि धर्मांचे प्रतिनिधी पाहुणे, किंबहुना उमेदवार होते. प्रश्न असा नव्हता की सर्व धर्म किती समान आहेत. प्रश्न असा होता की, आमच्याशी समानतेने वागणारा धर्म कोणता. परिषदेतून निर्णय निघाला नाही, पुढाऱ्यांत मतभेद झाले, आलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे आमच्या संख्येवर होते, हे सर्व मान्य करूनही आम्ही हे म्हणतो. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले. त्यात धर्मांची तुलना पाहुण्याच्या बाजूने नाही, यजमानाच्या बाजूने केली आहे.

बौद्ध परंपरेत या प्रश्नाला जुने उत्तर आहे. श्रावस्तीत मल्लिकेच्या उद्यानात निरनिराळ्या मतांच्या चर्चेसाठी एक शाळा होती. दीघनिकायाच्या पोट्ठपाद सुत्तात तिला 'समयप्पवादक' म्हटले आहे. मल्लिका पुढे कोसलची राणी झाली, पण ती मूळची माळाकाराची मुलगी. तिच्या शाळेत परिव्राजक शेकड्यांनी उतरत व गलका करीत. तथागत तेथे जात आणि चर्चा करीत. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखातही सर्व पंथांच्या सारवृद्धीसाठी पहिली अट आहे ती स्वतःच्या वाणीवर संयमाची. ही अट यजमानाने प्रथम स्वतःस घातली आहे.

पौडहून कोथरूडमार्गे पुढे पुणे ओलांडले की लोणी काळभोर लागते. तेथे २०१८ साली विश्वशांतीचा प्रचंड घुमट उभा राहिला आणि विज्ञान, धर्म व तत्त्वज्ञानाची जागतिक संसदही भरली. घुमटाखाली तथागतांना स्थान आहे. मोठ्या घुमटास आमचा विरोध नाही. पौडच्या उपासकांचा प्रश्न तेथेही विचारला जावा, एवढेच म्हणणे आहे.

तो आपल्या परिषदांतही विचारला पाहिजे. परदेशी भिक्खूंच्या आसनांची चिंता आपण महिनाभर आधी करतो; ज्या वस्तीतून वर्गणी आली, तेथील उपासिकांपैकी एकीचेही नाव वक्त्यांत नसते आणि भोजनकक्षात सर्व नावे त्यांचीच असतात. निमंत्रण कोणास गेले, कोणी नाकारले, कोणास पाठविलेच नाही, याची यादी प्रत्येक अहवालात छापावी अशी आमची सूचना आहे. अलीकडे एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या आयोजकांकडे आम्ही अशी यादी लेखी मागितली. उत्तरादाखल हारतुरे व मंडपाच्या खर्चाचा तपशील आला. यादी अद्याप यावयाची आहे.