सल्ले भरपूर, काम कुठाय?

'दिस चेंजेस एव्हरीथिंग' हा माहितीपट मी तसा उशिराच पाहिला. हॉलिवूडमध्ये बायकांना दिग्दर्शनाचं काम का मिळत नाही, हा त्याचा विषय. 2018 साली आला. निर्मितीत जीना डेव्हिस, दिग्दर्शक टॉम डोनाह्यू. हो, पुरुष. त्यावरून जे काही तोंडावर येतं ते इतरांनी बोलून झालंय, मी सोडून देते.

माझी तक्रार वेगळी आहे. मेरिल स्ट्रीप, नॅटली पोर्टमन, सँड्रा ओ अशा एकेक नामवंत अभिनेत्री आपले अनुभव सांगतात. ऐकावंसंही वाटतं. पण त्या गर्दीत खरी गोष्ट मागे पडते.

ती आहे 1979 ची. डायरेक्टर्स गिल्ड या दिग्दर्शकांच्या संघटनेतल्या सहा जणी कामासाठी वणवण करत होत्या. त्यांनी कुणाचं मार्गदर्शन मागितलं नाही. जुन्या नोंदी काढून बसल्या आणि नावं मोजली. तीस वर्षांत बायकांच्या वाट्याला आलेलं काम निघालं अर्धा टक्का! तो आकडा पुढे ठेवून स्टुडिओंशी बोलणी झाली, ती फिसकटली आणि 1983 मध्ये गिल्डने वॉर्नर ब्रदर्स आणि कोलंबियावर दावा लावला. 1985 मध्ये तो फेटाळला गेला. बहुसंख्य पुरुषांची संघटना बायकांची बाजू कशी मांडणार, असं न्यायाधीशांचं म्हणणं. न्यायाधीश बाईच होत्या. तरी दाव्याची धास्ती बसली असावी, कारण 1995 पर्यंत अर्ध्याचे सोळा टक्के झाले होते.

आता त्या दाव्यांच्या जागी मेंटॉरशिप आली आहे. त्यातलाच एक प्रकार 'शॅडोइंग': दुसऱ्याच्या सेटवर मागे उभं राहून बघायचं. स्वतःचा अख्खा सिनेमा केलेल्या बाईलाही हेच सुचवलं जातं. मला यात हळदीकुंकू दिसतं. सगळ्या प्रेमाने भेटतात आणि वाण घेऊन घरी जातात.

हे मी पोस्टडॉकच्या खुर्चीतून लिहितेय, तेव्हा थोडा कडवटपणा माफ करा. मला आजवर तीन मेंटॉर मिळाल्या. तिघींनी मनापासून वेळ दिला, सीव्ही तपासून दिला. त्यातल्या एकीने मात्र तिला आलेलं व्याख्यानाचं निमंत्रण माझ्याकडे वळवलं. पुढची दोन कामं मला त्या व्याख्यानामुळे मिळाली.

सिनेमात याचा पुरावा मार्था लॉझन यांच्या वार्षिक पाहणीत सापडतो. अमेरिकेतल्या सर्वाधिक कमाईच्या 250 चित्रपटांच्या दिग्दर्शकांत 1998 मध्ये बायका 9 टक्के होत्या, 2023 मध्ये 16. पण जिथे दिग्दर्शक बाई असते, तिथे लेखन, संकलन, छायाचित्रण यांतही बायका जास्त दिसतात. काम देण्याचा अधिकार हातात असलेली मेंटॉर ती हीच.

माहितीपटातला मला सर्वांत आवडलेला माणूस एफएक्स वाहिनीचा प्रमुख जॉन लँडग्राफ. 2015 मध्ये त्याच्या वाहिनीवरचे 88 टक्के दिग्दर्शक गोरे पुरुष असल्याचं छापून आलं. वर्षभरात निम्म्याहून जास्त कामं बायकांकडे आणि गौरेतर दिग्दर्शकांकडे गेली. म्हणजे माणसं होतीच. मला तिथे अजून थांबायचं होतं. त्या कोण होत्या, आदल्या वर्षी काय करत होत्या, पहिला फोन कुणी केला? यापैकी एकीला तरी कॅमेऱ्यासमोर बसवून नीट बोलतं करायला हवं होतं.