परवाना कोणाला? शस्त्र अधिनियमाचे एक वाचन

‘परवाना’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. उर्दू शायरीत तो शमेवर झेपावणारा पतंग. कचेरीत मात्र साहेबाच्या सहीचा कागद. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाचाच विचार करावयाचा आहे.

१८७८ च्या कायद्यात युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती होती. १९५९ च्या अधिनियमाच्या मजकुरात असा वंशभेद नाही. (कोडगूतील कोडवांची जुनी सूट अधिसूचनेने चालू आहे, तो भाग वेगळा.) इतकेच नव्हे, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे कलम १४ स्पष्ट सांगते. हे वाक्य गरिबांच्या बाजूचे आहे यात शंका नाही. पण त्याच कलमात ‘सार्वजनिक शांतता व सुरक्षितता’ हे नकाराचे कारण आहे, आणि निर्णय पोलीस ठाण्याच्या अहवालावर उभा राहतो. ज्या वस्तीचे नावच ठाण्यात ‘संवेदनशील’ म्हणून घेतले जाते, तिथल्या अर्जदाराला समान मजकुराचा उपयोग किती?

ही विषमता शासनाने एके ठिकाणी मान्य केली आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५ यांतील नियम ३ नुसार अत्याचारप्रवण भागात इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करता येतात आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने देता येतात. मात्र १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे मुस्लिम हलालखोर अनुसूचित जातीत येत नाही. जळगावचा तडवी भिल्ल मुसलमान असूनही अनुसूचित जमातीत येतो. म्हणजे धोका सारखा असला तरी संरक्षण यादीवर ठरते.

मे २०२५ मध्ये आसाम मंत्रिमंडळाने धुबरी, बारपेटासारख्या मुस्लिमबहुल भागांतील ‘मूलनिवासी’ नागरिकांना परवाने देण्याचे ठरविले. वरवर पाहता हे नियम ३ सारखेच वाटते. परंतु तिथे निकष अत्याचाराच्या शक्यतेचा आहे, इथे मूळ कोणते याचा. शेजाऱ्याला धोका ठरवून दिलेले शस्त्र दुर्बलाचे संरक्षण कसे म्हणावे? शिवाय आमच्या मध्य प्रदेशात, शिवपुरीत, २००८ साली नसबंदीच्या बदल्यात परवान्याला प्राधान्य देण्याची योजना निघाली होती. अधिकाऱ्याचा स्वेच्छाधिकार कुठवर जातो याचा तो नमुना.

सर्वांनी बंदुका घ्याव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावीत आणि मागितल्यास थोडक्यात द्यावीत, असे कलम १४ मध्येच आहे; लोकहिताच्या नावाखाली ती रोखण्याची मुभाही आहे. ही मुभा अपवाद राहावी. कलम १८ खालील अपील करणाऱ्याच्या हाती निदान तो कागद तरी हवा.