सहीच्या मागं काय असतं? : ब्रिटिश संसदेच्या कार्यालयाचा हिशेब आणि आपण

विश्वास म्हणजे काय, हा प्रश्न आपण आज जरा रुक्ष वाटेल अशा ठिकाणी नेणार आहोत. ते ठिकाण आहे कायदेमंडळाचं कार्यालय. सभागृहात भाषणं होतात, ती आपण ऐकतो. पण त्या सभागृहाच्या मागं एक कचेरी असते. ती पगार काढते, भत्ते देते, बिलं मंजूर करते. सरकारच्या पै-पैचा हिशेब मागणारं सभागृह स्वतःच्या कचेरीचा हिशेब कसा ठेवतं? दिव्याखाली अंधार असतो का?

आधी एक घरचीच गोष्ट सांगतो. आम्ही विभागप्रमुख असताना एका परिसंवादासाठी पाहुण्यांना आणायला भाड्यानं गाडी केली. खर्च एका साध्या कागदावर लिहिला, खाली सही केली आणि हिशेब विभागाकडे पाठवून दिला. तिथले कारकून कागद घेऊन परत आले. "सर, पावती?" आम्हाला राग आला. इतकी वर्षं इथे शिकवतोय आणि एवढ्याशा रकमेसाठी आमच्या सहीवर विश्वास नाही? ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्यावर विश्वास आहे. पण उद्या या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल, तेव्हा मला विचारता आलं पाहिजे ना?" आम्ही पावती शोधून दिली. त्या वाक्यात काय होतं, हे मात्र आम्हाला २००९ साली कळलं.

८ मे २००९. त्या दिवशी लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'नं खासदारांच्या खर्चाचे कागद छापायला सुरुवात केली. घोटाळा झाला, एवढं सगळ्यांना आठवतं. आपल्याला मात्र वेगळा प्रश्न विचारायचा आहे. या हिशेबाचं ऑडिट होत होतं का? होत होतं! ब्रिटनचं राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय सभागृहाचे हिशेब तपासत होतं. मग ऑडिटरना हे दिसलं कसं नाही?

त्याचं उत्तर एका संकेतात आहे. ऑडिटनं खासदाराच्या सहीच्या मागं जायचं नाही, असा तो संकेत. अर्ज आहे का, त्यावर सही आहे का, बेरीज जुळते का, हे पाहायचं. खर्च खरंच त्या कामासाठी झाला का, हा प्रश्न सहीपाशी थांबायचा. लंडनबाहेरच्या मतदारसंघातल्या खासदारांना दुसऱ्या घरासाठी भत्ता मिळे, वर्षाला सुमारे २४ हजार पौंडांपर्यंत. त्यात २५० पौंडांपर्यंतच्या खर्चाला पावतीच लागत नसे. ही मर्यादा २००८ मध्ये २५ पौंडांवर आणली गेली. सभागृहाच्या कचेरीतले कर्मचारी हे दावे मंजूर करत. ते कुणाचे नोकर? सभागृहाचेच. ज्यांचं बिल अडवायचं, तेच मालक. कुंपणानं शेत खाल्लं असं आपण म्हणतो, पण इथे कुंपणाला शेताच्या मालकानंच सांगितलं होतं, माझ्याकडे बघू नकोस.

आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे, तेव्हा थोडं न्यायदर्शनाकडे वळू. शब्द हेही एक प्रमाण आहे, असं नैयायिक मानतात. पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त कोण? ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायन तर पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. म्हणजे कुळानं किंवा पदानं कुणी आप्त होत नाही. खासदाराची सही हे शब्दप्रमाण आहे. ते मानायला हरकत नाही. पण सही करणारा आप्त आहे, हे त्याच्याच सहीवरून कसं ठरणार? ते ठरवायला दुसरं काही लागतं. पावती लागते, घराचा पत्ता लागतो, कधी शेजाऱ्याची साक्ष लागते. सहीच्या मागं न जाणारं ऑडिट हे दुसरं प्रमाण आधीच बाद करून टाकतं. नावाला परीक्षण, प्रत्यक्षात पुनरुच्चार.

बरं, हे कागद बाहेर आले ते सभागृहाच्या इच्छेनं आले नाहीत. माहितीच्या अधिकाराखाली पत्रकारांनी अर्ज केले. सभागृहानं ते लढवले आणि मे २००८ मध्ये उच्च न्यायालयात ते हरलं. त्याआधी, २००७ मध्ये, संसदेलाच माहिती अधिकारातून वगळणारं विधेयक कनिष्ठ सभागृहानं मंजूर केलं होतं. वरच्या सभागृहात ते पुढे न्यायला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून ते बारगळलं. जून २००९ मध्ये अधिकृत कागद आले, पण जागोजागी काळे पट्टे मारून. पत्तेही झाकलेले. आणि खरी गोम पत्त्यांतच होती. 'दुसरं घर' कुठलं, हे सोयीनं बदलत राहायचं आणि दोन्ही घरांची डागडुजी भत्त्यातून करून घ्यायची. फक्त अधिकृत कागद असते, तर हे दिसलंच नसतं.

लोकांच्या लक्षात काय राहिलं? तळ्यातलं बदकांचं घर! त्याची किंमत १,६४५ पौंड. पण तो दावा कचेरीनं मंजूरच केला नव्हता. म्हणजे जे प्रकरण आपण घोटाळ्याचं प्रतीक मानतो, तिथे कारकुनानं आपलं काम चोख केलं होतं. हसू येतं अशा वस्तूला नकार देणं सोपं असतं. गृहकर्जाचं व्याज, पत्त्याची अदलाबदल, यात हसण्यासारखं काही नसतं, म्हणून ते निसटतं. वर्तमानपत्राचा संताप आणि लेखापरीक्षकाची शिस्त यांत हा फरक आहे.

पुढे सर थॉमस लेग यांना जुने दावे तपासायला बसवलं. त्यांनी ७५२ आजी-माजी खासदारांचे कागद पाहिले. ३९० जणांनी पैसे परत करावेत, असं फेब्रुवारी २०१० च्या अहवालात म्हटलं. अपिलांनंतर रक्कम ठरली सुमारे ११ लाख २० हजार पौंड. आणि तपासणीचा खर्च? सुमारे ११ लाख ६० हजार! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, असं म्हणून पुष्कळांनी थट्टा केली. ही थट्टा आम्हाला पटत नाही. ऑडिटचं मोल वसुलीत मोजायचं, तर रात्रभर गस्त घालूनही चोर सापडला नाही म्हणून पहारेकऱ्याचा पगार फुकट गेला, असं म्हणावं लागेल.

लेग यांच्यावर आमची टीका वेगळी आहे. त्यांनी साफसफाईला वर्षाला २,००० पौंड आणि बागकामाला १,००० पौंड अशी मर्यादा ठरवली आणि ती मागच्या वर्षांना लावली. त्या वेळी ती मर्यादा अस्तित्वात नव्हती. कचेरीनं ज्याला होकार दिला होता, त्यालाही ती लागू झाली. परीक्षण म्हणजे त्या वेळी असलेल्या मापानं मोजणं. माप नंतर तयार करायचं आणि आधीच्या धान्याला लावायचं, हा नैतिक निवाडा झाला. तो योग्यही असेल, पण त्याला ऑडिट म्हणू नये. आधी माप वापरलंच नाही, मग नवीन माप मागं लावलं. दोन्ही वेळा परीक्षण राहूनच गेलं.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. काही सदस्यांवर फौजदारी खटले झाले. बचावात म्हटलं गेलं की खर्चाचे अर्ज हेही संसदेचं कामकाज आहे आणि १६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'प्रमाणे न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे फेटाळलं. इथे दोन स्वातंत्र्यांची गल्लत उघड झाली. सभागृहात निर्भयपणे बोलण्याचं स्वातंत्र्य लोकांसाठी आहे. बिलाबद्दल प्रश्न न विचारला जाण्याचं स्वातंत्र्य कुणासाठी आहे? पहिल्याची ढाल दुसऱ्यापुढे धरली जाते, तेव्हा ढालीचीच किंमत जाते.

आता कुणी विचारेल, ऑडिटरचं ऑडिट कोण करणार? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनचे महालेखापरीक्षक सर जॉन बोर्न वीस वर्षं त्या पदावर होते आणि स्वतःच्याच प्रवासखर्चावरून टीका होऊन २००८ मध्ये गेले. पुढे कायद्यानं त्या पदाला दहा वर्षांची मुदत घातली. प्रत्येक परीक्षकाला वरचा परीक्षक शोधत गेलो, तर तर्कशास्त्रातला अनवस्था दोष येतो, शिडी संपतच नाही. आम्हाला वाटतं, ती वर चढून संपत नाही, खाली उतरून संपते. शेवटचा परीक्षक म्हणजे कागद वाचू शकणारा नागरिक. म्हणून कागद उघडा हवा.

आणि आपल्याकडे? सभागृहाची कचेरी सरकारपासून वेगळी असावी, हा आग्रह विठ्ठलभाई पटेलांनी मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्ष म्हणून धरला आणि १० जानेवारी १९२९ ला वेगळं खातं झालं. पुढे हाच विचार घटनेत आला. संसदेसाठी अनुच्छेद ९८, राज्यांसाठी १८७. मुंबईच्या विधानभवनातलं सचिवालय याच आधारावर उभं आहे. विठ्ठलभाईंनी स्वातंत्र्य मागितलं ते सरकारच्या दडपणापासून. हिशेबापासून नव्हे. १९७१ च्या कायद्यातलं कलम १३ केंद्राच्या आणि राज्यांच्या संचित निधीतल्या सगळ्या खर्चाचं परीक्षण महालेखापरीक्षकांवर सोपवतं. त्यात सभागृहाची कचेरी वगळलेली नाही. मात्र अनुच्छेद १५१ प्रमाणे अहवाल शेवटी ठेवला जातो तो सभागृहासमोरच. ज्याचा हिशेब, त्याच्याच टेबलावर. तिथून पुढे तो कुणी वाचायचा, हे घटना सांगत नाही. ते आपल्यावर आहे.

म्हणून आपण एवढं करू या. आमदार-खासदारांच्या भत्त्यावर चिडण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारू या. सहीच्या मागं जाण्याचा अधिकार कुणाला आहे आणि तो वापरला जातो का? आपली सोसायटी असो, ग्रंथालय असो, विधानभवन असो, प्रश्न तोच. आमच्या त्या कारकुनांनी तो आम्हाला विचारला, तेव्हा आम्ही रागावलो होतो. आज ते भेटले तर आभार मानू. त्यांच्यामुळे आमची सही निदान तपासून पाहण्याच्या लायकीची ठरली.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.